शेतीत पैसा घालण्याआधी सात-बारा वाचा

कळसच्या परिसरात कापड विकणाऱ्याला शेतीचा हिशेब आपोआप कळू लागतो. उसाचे बिल आले की उधारी वसूल होते. पाणी आटले की लग्नाचा बस्ताही लांबतो. म्हणून हातात चार पैसे जमले की आपल्या व्यापारी बांधवांना वाटते, एखादा एकर घेऊन टाकावा. मलाही वाटले होते. इसार देण्याआधी एका वकिलांनी विचारले, "तुम्ही शेतकरी आहात काय?"

प्रश्न साधा, पण त्यावरच सारे अवलंबून आहे. 1948 च्या कूळकायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्यास सरकारी परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. घेतलीच तर व्यवहार अवैध ठरतो आणि जमीन सरकारजमा होऊ शकते. दुसऱ्याच्या नावावर घेणे त्याहून धोक्याचे. बेनामी व्यवहारास 1988 च्या कायद्याने मनाई आहे.

कायदा फक्त लहान माणसालाच अडवतो असे नाही. आपल्याच तालुक्यातील वालचंदनगर पाहा. तेथे साखर कारखान्याने उसाची मोठी शेती उभी केली. तिच्यात शेतकऱ्यांकडून खंडाने घेतलेल्या जमिनीही होत्या. 1961 च्या कमाल जमीन धारणा कायद्याने बारमाही बागायतीची मर्यादा 18 एकरांवर आणली. राज्यातील कारखान्यांच्या जमिनी गेल्या व त्या कसण्यासाठी 1963 साली शेती महामंडळ निघाले. मूळ मालक असलेले खंडकरी मात्र झगडतच राहिले. राज्यात 2012 पासून त्यांना जमिनी परत मिळू लागल्या, तोवर पिढ्या उलटल्या होत्या.

यातून आपण काय घ्यावे? पैसा कोणाचा आणि मेहनत कोणाची, याआधी कागदावर हक्क कोणाचा हे पाहावे. सात-बारा व जुने फेरफार तपासावेत. 'भोगवटादार वर्ग 2' असे लिहिले असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, हे ध्यानात ठेवावे.

आणि एक गोष्ट कारागीर बांधवांसाठी. बापदादांची चार गुंठे जमीन गावी असेल तर वारसनोंद आजच करून घ्या. धंद्यासाठी गाव सुटले म्हणून हक्क सुटत नाही; पण नोंद नसली की तो सिद्ध करताना उंबरठे झिजवावे लागतात. तलाठ्याकडे एक खेप घालणे त्यापेक्षा स्वस्त.