शेतातील घूस व रानातील पोवळ्यासारखी अळंबी

शाहूवाडी तालुक्याच्या पश्चिमेस, आंबा व विशाळगडाच्या बाजूस, पाऊस मोठा व रान दाट. तेथे पावसाळ्यात कुजत्या पाचोळ्यातून पोवळ्याप्रमाणे फांद्या फुटलेली अळंबी वर येते. तिला छत्री नसते. त्याच सुमारास भातखाचरांच्या बांधांत घूस बिळे कोरीत असते. एक प्राणी व दुसरे कवक. तरी दोहोंत एक साम्य आहे. हरितद्रव्य नसल्याने दोघांनाही आपले अन्न स्वतः तयार करता येत नाही. पूर्वी कवकांची गणना वनस्पतींत होई. १९६९ साली व्हिटेकर या अमेरिकन शास्त्रज्ञाने सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या व त्यांत कवकांना स्वतंत्र स्थान दिले. आज तर कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांना अधिक जवळची मानली जातात.

साम्य येथेच संपते. अळंबीचा दिसणारा भाग हे केवळ तिचे फळ. खरे शरीर म्हणजे मातीत पसरलेले बारीक तंतू. काही जातींचे तंतू पाचोळा कुजवितात, तर काहींचे झाडांच्या मुळांना वेढून त्यांस पाणी व क्षार पुरवितात आणि मोबदल्यात शर्करा घेतात. पिकाचे ती काही बिघडवीत नाही. तिच्यावर औषध मारणे म्हणजे पैसा मातीत घालणे होय. मात्र तिच्या काही जाती खाल्ल्याने उलट्या व जुलाब होतात. सुंदर रंगावरून, अथवा उंदराने कुरतडली आहे एवढ्यावरून, ती निर्धोक समजू नये.

घुशीचा हिशोब निराळा. ती भाताच्या लोंब्या तोडून बिळात साठविते आणि पोखरलेल्या बांधातून खाचराचे पाणी निघून जाते. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग ही तिची खूण. सायंकाळी बिळांची तोंडे बुजवावीत व सकाळी जी उकरलेली दिसतील ती चालू समजावीत. रुंद, गवताळ बांध तिला आयते घर देतात; ते अरुंद व स्वच्छ ठेवावेत. विषारी आमिष कृषी विभागाच्या सल्ल्यानेच वापरावे, आणि तेही साऱ्या शिवाराने एकाच वेळी. एकट्याने उपाय केल्यास शेजारच्या बांधावरील घुशी रिकाम्या बिळांत येऊन राहतात. धामण व घुबड यांना मारू नये.

आणखी एक गोष्ट पिकाहून मोलाची आहे. उंदीर-घुशींच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग माणसास होतो. पायास जखम असता चिखलणीस उतरू नये. शेतात काम केल्यावर काही दिवसांनी ताप, पोटऱ्यांत तीव्र वेदना किंवा डोळे लाल होणे ही लक्षणे दिसल्यास त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे व आपण खाचरात उतरलो होतो हे डॉक्टरांस आवर्जून सांगावे.