जुन्या जीपला नवा स्टीरिओ बसविताना



सुगी उरकून हाती चार पैसे आले की घरातली तरुण मुले हट्ट धरतात, "आपल्या जीपला गाण्याचा संच बसवू या." हट्ट वाजवी आहे. जीप असो, मारुती ८०० असो की अँबॅसडर, मोबाईल आणि पेनड्राईव्ह चालणारा नवा स्टीरिओ जुन्या गाडीला बसतो. मात्र हे काम दिसायला गाण्याचे, खरे पाहता विजेचे आहे. वस्तीवरची जीप नुसती हौसेची नसते. अडलेल्या बाईला किंवा आजारी माणसाला रात्री दवाखान्यात नेणारे तेच वाहन असते.

प्रथम बॅटरी पाहा. नवे संच १२ व्होल्टवर चालतात व बॅटरीचे ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असावे लागते. फार जुन्या काही जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असते. तेथे असा संच चालणार नाही. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक सांगाड्याला असते. तेथे सरळ जोडला तर संच जळतो.

नंतर जागा पाहा. प्रमाण मापाच्या संचाचे तोंड सुमारे १८० मि.मी. रुंद व ५० मि.मी. उंच असते. जुन्या रेडिओच्या खाचेत ते बसत नाही. डॅशबोर्डचा पत्रा कापण्याऐवजी त्याखाली पट्ट्यांवर पेटी टांगावी. कापलेला पत्रा पुन्हा जुळत नाही.

आता तारा. बहुतेक संचांत पिवळी तार थेट बॅटरीकडे, लाल तार चावीच्या स्विचकडे आणि काळी सांगाड्याकडे जाते. तरीही संचासोबतचा कागद वाचूनच जोडणी करा. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे ऋण टोक सोडा. काळी तार रंग खरवडून उघड्या पत्र्यावर घट्ट आवळा. ती ढिली राहिली तर आवाजात खरखर येते.

पिवळ्या तारेत बॅटरीपासून वीतभर अंतरातच फ्यूज घाला. तार पत्र्याच्या भोकातून जाते तेथे रबरी बुश हवा. नसल्यास हादऱ्याने तार सोलते, पत्र्याला चिकटते आणि फ्यूज नसेल तर पेट घेते. फ्यूज उडाला म्हणून त्या जागी तांब्याची तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी कधीही लावू नका. तसे करणे म्हणजे राखणदाराला हाकलून चोराला किल्ली देणे.

जुन्या गाड्यांत स्पीकरची एक तार पुष्कळदा सांगाड्यालाच जोडत. नव्या संचाला हे चालत नाही. प्रत्येक स्पीकरला दोन्ही तारा स्वतंत्र ओढा. त्यांतील एकही पत्र्याला लागता कामा नये, नाहीतर नवा संच पहिल्याच दिवशी निकामी होऊ शकतो.

खोक्यावर २०० वॉट लिहिलेले असते. त्याला भुलू नका. ज्या संचाचा फ्यूज १० अँपिअरचा आहे, तो १४ व्होल्टला फार तर १४० वॉट घेईल आणि त्यातलाही मोठा भाग उष्णतेत जाईल. आवाज वाढावा म्हणून मोठा फ्यूज घालणे व्यर्थ आणि धोक्याचे.

काही मिस्त्री लाल व पिवळी तार एकत्र करून थेट बॅटरीला जोडतात. मग चावी काढली तरी संच चालू राहू शकतो व बॅटरी उतरते. जुन्या डायनॅमोच्या जीपमध्ये इंजिन मंद चालताना चार्जिंग जवळजवळ होतच नाही. म्हणून लग्नाच्या मांडवाबाहेर गाडी उभी करून तासन्‌तास गाणी लावू नका. गाडी पंधरवडाभर उभी राहणार असेल तर बॅटरीचे टोक सोडून ठेवा.

काम झाले की कोणती तार कोठून नेली याचा कच्चा नकाशा वहीच्या पानावर काढून गाडीच्या कागदपत्रांत ठेवावा. घरात कोणीतरी एकाने तरी, मग तो मुलगा असो की मुलगी, फ्यूज कोठे आहे व कसा बदलायचा हे त्याच दिवशी हाताने करून शिकावे. दोन जादा फ्यूज गाडीतच असू द्यावेत.