श्रिंपची टाकी आणि आनेकलचं पाणी

फ्लॅट भाड्याचा, मालकाला कुत्रा चालत नाही, मांजरही नको. मग घरात काहीतरी जिवंत हवं म्हणून बऱ्याच जणांची नजर लाल चेरी श्रिंपवर जाते. तैवान-चीनकडच्या ओढ्यांतली ही गोड्या पाण्यातली कोळंबी जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरची. एका फुटाच्या टाकीत संसार थाटते, आवाज नाही, वास नाही. बंगळुरूजवळच्या इलेक्ट्रॉनिक सिटीच्या नोकऱ्यांमागून चंदापुरा, अत्तिबेले, जिगणी किंवा थेट आनेकल गावात येऊन राहिलेल्या मराठी मंडळींपैकी कुणी ती घरी आणली, की थोड्याच दिवसांत तक्रार ऐकू येते, ‘सगळं नीट केलं, तरी मेल्या.’ व्हिडिओ पाहून नीट केलेलं असतं, हे खरं. पण ते व्हिडिओ बनवणाऱ्याच्या गावच्या पाण्याला धरून. आपल्याकडचं पाणी निराळं आहे, आणि श्रिंपबद्दलचे निम्मेअधिक गैरसमज पाण्यापाशीच सुरू होतात.

पहिला गैरसमज शुद्धतेचा. ‘आरओचं पाणी आपण पितो, त्यांना तर ते उत्तमच.’ उत्तम नाही. श्रिंप वाढते ती कात टाकून. जुनं कवच मागून फाडून ती बाहेर येते आणि नवं, मऊ कवच टणक व्हायला कॅल्शियम लागतं. त्यातला बराच भाग ती पाण्यातूनच घेते. आरओने कॅल्शियम आणि मॅग्नेशियम काढून टाकलेले असतात. मग कात अर्धवट अडकते, मानेशी पांढरी कडी दिसते आणि श्रिंप तिथेच संपते.

‘मग नळाचं घेऊ’ म्हणाल, तर नळ कुठला ते आधी पाहा. या भागातल्या बऱ्याच वसाहती बोअरवेल आणि टँकरवर चालतात. खालच्या खडकातून येणारं पाणी जड असतं, म्हणून अनेक सोसायट्यांच्या तळघरात सॉफ्टनर बसवलेला असतो. हा सॉफ्टनर पाण्यातलं काही कमी करतो, असा समज आहे. तो फक्त अदलाबदल करतो: कॅल्शियम-मॅग्नेशियम घेतो आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतो. त्याला मिठाची पोती लागतात ती यासाठीच. बादलीवर पांढरे डाग पडत नाहीत, साबणाला फेस येतो, गृहिणी खूश. श्रिंपच्या कवचाला मात्र त्यात काही उरत नाही.

इथेच तो खिशातला टीडीएस मीटर फसवतो. तो पाण्यात एकूण किती क्षार विरघळले आहेत याचा अंदाज देतो, कोणते ते सांगत नाही. सॉफ्टनरच्या अलीकडचं आणि पलीकडचं पाणी मोजा. आकडा जवळपास तोच येईल, पण एकात कॅल्शियम भरपूर आणि दुसऱ्यात जवळजवळ शून्य. म्हणून मीटरइतकाच, खरं तर त्याहून आधी, थेंब टाकून जडपणा मोजायचा किट घ्या. चेरी श्रिंपला जडपणा साधारण ६ ते १० अंश लागतो, म्हणजे लिटरमागे ११० ते १८० मिलिग्रॅम. भारतीय मानकांनुसार पिण्याच्या पाण्यात २०० मिलिग्रॅमपर्यंत जडपणा स्वीकारार्ह आहे आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. हे ६०० म्हणजे ३३ अंशांच्या वर. तुमची बोअरवेल त्या टोकाला असेल, तर कच्चं पाणीही तसंच ओतून भागणार नाही.

उपाय साधा आहे. सॉफ्टनरच्या आधीचं कच्चं पाणी (बहुतेक सोसायट्यांत प्लंबरला विचारलं की नळ सापडतो) आणि आरओचं पाणी मिसळा, किटवर ६ ते १० अंश येईपर्यंत. बाटलीत थोडंसं करून प्रमाण ठरवा, मग बादलीत. कच्चं पाणी मिळतच नसेल तर आरओच्या पाण्यात श्रिंपसाठीचे क्षार विकत घेऊन घाला. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी भरताना मात्र निव्वळ आरओचं वापरा, कारण उडतं ते पाणी; क्षार टाकीतच राहतात आणि दर आठवड्याला साचत जातात. टँकरचं पाणी दर फेरीला वेगळं असू शकतं, प्रत्येक वेळी तपासा. सोसायटीच्या टाकीत किंवा संपमध्ये (जमिनीखालच्या टाकीत) क्लोरीन घालत असतील तर क्लोरीन मारणारं द्रावण हाताशी ठेवा.

तांब्याच्या हंड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं, म्हणून कुणी कौतुकाने ते श्रिंपला घालतं. कृपा करून घालू नका. गंमत अशी, की कोळंबीच्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य तांब्यावरच बेतलेलं असतं, म्हणून ते रक्त निळसर. पण पाण्यात विरघळलेलं जास्तीचं तांबं तिला विष ठरतं. माशांच्या अनेक औषधांत तांबं असतं. दुकानदार ‘काही होत नाही’ म्हणाला तरी बाटलीवरचं वाचा.

‘आज टाकी, आजच श्रिंप’ हा हौशीचा हट्ट सर्वांत महाग पडतो. विष्ठेतून आणि कुजणाऱ्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. आपल्याकडे घाई आणखी नडते, कारण जड बोअरवेलचं पाणी बहुधा अल्कधर्मी असतं आणि अमोनियाचा विषारी अंश सामूसोबत वाढतो. ७ सामूला जेवढा असतो, त्याच्या जवळपास दहापट ८ सामूला. तेव्हा टाकी भरा, स्पंज फिल्टर चालू करा, जावा मॉस लावा, चिमूटभर खाणं टाका आणि थांबा. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, काचेवर हिरवट-तपकिरी पातळ थर धरला, की दहा-पंधरा श्रिंप आणा. पिशवीतलं पाणी न ओतता, टाकीचं पाणी थेंबाथेंबाने त्यांच्या भांड्यात सोडत तासाभराने त्यांना आत घ्या.

काचेची बरणी किंवा गोल वाडगा नको. जीव लहान म्हणून भांडंही लहान, हा हिशेब उलटा आहे. थोडं पाणी लवकर तापतं आणि लवकर बिघडतं. पंचवीस-तीस लिटरची टाकी नवख्याला सांभाळायला सोपी.

‘या शेवाळ खातात, वेगळं खाणं नको’ हे अर्धसत्य. त्या शेवाळ आणि त्यावरचा सूक्ष्मजीवांचा थर दिवसभर चरतात, पण नवीन, लख्ख टाकीत तो थर असतोच कुठे? उकडलेला पालक, दुधीची सोललेली चकती, देशी बदामाचं झाडावरून गळलेलं वाळकं पान, एवढं पुरतं. खाणं दोन-तीन तासांत संपलं नाही तर काढून टाका. भाजीवरच्या फवारणीचा संशय असेल तर ती देऊच नका.

कीटकनाशकाचा धोका मात्र भाजीपेक्षा भिंतीवरच्या प्लगमध्ये जास्त असतो. डासांची कॉइल आणि लिक्विड यांतली पायरेथ्रॉइड औषधं आपल्याला डासांपुरती वाटतात; कोळंबी ही कीटकांचीच नातलग, आणि ती या औषधांना फार हळवी असते. वर एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. टाकीच्या खोलीत जाळी लावा. पेस्ट कंट्रोलवाले आले की पंप बंद करून टाकी झाका.

हीटर? आनेकल समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणून हवा वर्षभर सौम्य, आणि चेरी श्रिंपला १८ ते २८ अंश चालतं. पैसे वाचवा. तळाशी पारदर्शक ‘मेलेली’ श्रिंप दिसली तर लगेच हळहळू नका, बहुधा ती कात असते. राहू द्या, श्रिंप ती खाऊन कॅल्शियम परत मिळवतात. लाल, पिवळी, निळी एकत्र ठेवून रंगीबेरंगी पिलं होतील, हीही आशा सोडा. दोन-चार पिढ्यांत सगळ्या मातकट होतात.

पिलांबद्दल आणखी एक घोटाळा. चेरीची मादी पोटाखाली वीस-तीस अंडी घेऊन फिरते आणि तीन-चार आठवड्यांत त्यांतून हुबेहूब छोटी श्रिंप बाहेर येते. जपानी छायाचित्रकार ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात शेवाळ खाण्यासाठी लोकप्रिय केलेली अमानो श्रिंप मात्र तशी नाही. तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं. आपल्या ताटातल्या गोड्या पाण्याच्या मोठ्या कोळंबीचंही तेच. शाओ-वेन लिंग यांनी मलेशियात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला हे गूढ उकललं आणि त्यानंतरच तिची शेती शक्य झाली. तेव्हा अमानोला अंडी दिसली म्हणून पाळणा बांधू नका.

शेवटचा गैरसमज तळ्याचा. तिथली वनस्पती, तिथले झिंगे आणले की टाकी ‘नैसर्गिक’ होते, असं वाटतं. आनेकल तालुक्यातल्याच चंदापुरा तळ्याच्या दुर्दशेसाठी राष्ट्रीय हरित लवादाने २०२२ मध्ये कर्नाटक सरकारला ५०० कोटी रुपयांची भरपाई ठोठावली होती. असलं पाणी टाकीत नको. शिवाय तळ्यातले लांब नांगीचे झिंगे चेरीला फस्तही करतील. उलट दिशेनेही तेच पथ्य पाळा. टाकीत गर्दी झाली म्हणून चेरी तळ्यात सोडू नका. जर्मनी आणि पोलंडमध्ये वीजकेंद्रांच्या पाण्याने कोमट झालेल्या प्रवाहांत त्यांनी बस्तान मांडलेलं आहे, आणि आपल्या हवेत तर त्यांना वीजकेंद्राच्या कोमट पाण्याचीही गरज नाही. शेजाऱ्याला द्या, दुकानदाराला परत करा, तळ्यात मात्र एकही नको.