बैठे खेळ आणि त्यांची देवाणघेवाण

अमरावतीला आमच्या ओळखीच्या एका घरी महिन्यातून एका रविवारी सातआठ मंडळी जमतात. कोणी शिक्षक आहे, कोणी बँकेत आहे, एक जण अकोल्याहून सकाळच्या गाडीने येतो. प्रत्येकाच्या हातात एखादी पिशवी किंवा खोका असतो. चहा झाला की एकेक जण आपला खोका उघडतो आणि या महिन्यात कोणता नवा खेळ घेतला, कितीला पडला, कोणाकडून बदलून आणला, ते सांगू लागतो. हे खेळ मैदानी नव्हेत. पट मांडून, सोंगट्या नाहीतर पत्ते घेऊन बसल्या जागी खेळायचे, म्हणजे आपण ज्यांना बैठे खेळ म्हणतो ते. घरची माणसे याला रिकामटेकड्यांचा बाजार म्हणतात. मंडळी, मीही त्या बाजारातला एक गिऱ्हाईक आहे. तिथे माझी एकदा चांगलीच फजिती झाली. तिच्यातून मला जे कळले ते खेड्यापाड्यांतल्या आपणा सर्वांच्या, विशेषतः शिक्षकांच्या, कामाचे आहे. म्हणून आज हा विषय घेतला.

प्रथम या अदलाबदलीची रीत सांगतो. परदेशी खेळ महाग असतात. एकेक खोका दोनचार हजारांच्या घरात जातो. दहावीस वेळा खेळला की घरच्यांचे मन भरते. मग तो दुसऱ्याला द्यायचा आणि त्याच्याजवळचा आपण घ्यायचा. देणाऱ्याने सोंगट्या मोजून दाखवायच्या, एखादी हरवली असेल तर आधीच सांगायचे. घेणाऱ्याने नियमांची पुस्तिका खोक्यात आहे ना, ते पाहायचे. बैलबाजारात दात पाहून घेतात ना, तसेच हे. फार हिंडणाऱ्या खेळांपैकी एक म्हणजे ‘कॅटन’. क्लाउस टॉयबर या जर्मन गृहस्थाने तो रचला आणि १९९५ साली तो प्रसिद्ध झाला. यात एका बेटावर वस्ती करायची असते. त्यासाठी लाकूड, विटा, लोकर, धान्य आणि खनिज असे पाच जिन्नस लागतात, आणि पाचही एकाजवळ क्वचितच असतात. तेव्हा ‘माझे धान्य घ्या, तुमच्या विटा द्या’ असे शेजाऱ्याला विनवावेच लागते. सुताराला धान्य घालून औत भरून घेणाऱ्या आपल्या लोकांना हा व्यवहार नवा वाटणार नाही.

आता माझी फजिती. चारेक वर्षांपूर्वी मी असाच एक परदेशी खोका दिला आणि बदल्यात एक जुना सारीपाट घेतला. कापडी पट, अधिकाच्या चिन्हासारखा. चार पट्ट्या, प्रत्येक पट्टीत आठआठ घरांच्या तीन ओळी. म्हणजे पट्टीची चोवीस आणि सगळी मिळून शहाण्णव घरे. सोबत लाकडी सोळा सोंगट्या, तांबड्या, पिवळ्या, हिरव्या आणि काळ्या, आणि पुरचुंडीत सहा कवड्या. रविवारी मी तो पट मोठ्या ऐटीत पसरला. सगळ्यांनी वाहवा केली. एक वयस्कर गृहस्थ मात्र मांडी घालून समोर बसले आणि म्हणाले, “झकास आहे. चला, मांडा डाव.”

मला डाव मांडता येईना! कोणती सोंगटी कोठे ठेवायची, कवड्या कशा मोजायच्या, काही ठाऊक नव्हते. ज्याच्याकडून पट आला त्यालाही ठाऊक नव्हते, आणि आजीच्या पटासोबत नियमांची पुस्तिका थोडीच येते!

दुसऱ्या आठवड्यात पट घेऊन दर्यापूरकडे आत्याच्या गावी गेलो. आत्याने ऐंशी ओलांडली होती. तिने कापडावरून हात फिरवला आणि म्हणाली, “पट तं लय चांगला आनला रे बापू, पन खेयता येते का तुले?” मग संध्याकाळपर्यंत तिने मला शिकवले. सहा कवड्या टाकायच्या. दोन उताण्या पडल्या तर दोन, तीन पडल्या तर तीन, असे सहापर्यंत. एकच उताणी पडली तर दहा, आणि सगळ्या पालथ्या पडल्या तर पंचवीस. या पंचविसावरूनच खेळाला पचिसी हे नाव पडले. एकाच रंगाच्या दोन सोंगट्या एका घरात आल्या तर काय होते, असे मी विचारले. ती म्हणाली, “आमच्या गावात जोडी फुटत नव्हती. मायच्या माहेरी फुटे. ते कसं, ते आठोतो अन् सांगतो तुले.” मीही म्हटले, पुढच्या खेपेला विचारू. त्या दिवाळीच्या आधीच आत्या गेली. जोडी कशी फोडायची तो नियम मी अजून शोधतो आहे.

तेव्हा माझ्या ध्यानात आले की मी कापड विकत घेतले होते. खेळ आत्याच्या डोक्यात होता.

या संबंधात आपल्या वऱ्हाडाशी नाते असलेली एक जुनी कथा सांगतो. महाभारताच्या वनपर्वात नळदमयंतीचे आख्यान आहे. दमयंती विदर्भाची राजकन्या. तिच्या माहेरचे कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातले वर्धाकाठचे कौंडण्यपूर, असे आपल्याकडे मानतात. नळ द्यूतात राज्य हरला. पैसे लावून खेळणाऱ्याचे काय होते याचा धडा त्यात आहेच. पण मला सांगायचे आहे ते पुढचे. नळ बाहुक या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झाला आणि त्याचा रथ विदर्भाकडे हाकू लागला. वाटेत एक बेहड्याचे झाड लागले. बेहडा म्हणजे आपल्या मेळघाटात होतो तोच. वैदिक काळी त्याच्या फळांचेच फासे करीत. ऋतुपर्णाने त्या झाडाची पाने आणि फळे झटकन मोजून सांगितली, कारण त्याला अक्षविद्या येत होती. नळाला अश्वविद्या येत होती. त्या वाटेवर दोघांनी विद्येची अदलाबदल करायचे ठरवले. यातली गंमत पाहा. मी पट घेतला तेव्हा माझा खोका गेला. नळाने अश्वविद्या दिली, तरी ती त्याच्याजवळ राहिलीच! वस्तू दिली की हातची जाते. विद्या दिल्याने दोघांकडे राहते.

आपल्या खेळांचा आजवरचा व्यापार मात्र बहुधा वस्तूंचाच झाला. पचिसी अमेरिकेत गेली आणि १८७० नंतरच्या दशकात ‘पार्चिसी’ या नावाने विकली जाऊ लागली. इंग्लंडात तिचाच ‘लुडो’ झाला. त्याचे पेटंट १८९६ सालचे. आठ घरांची पट्टी सहा घरांची झाली, कवड्या जाऊन एक चौकोनी फासा आला, आणि तोच लुडो छापील होऊन आपल्या जत्रांत परत आला. त्या पुठ्ठ्याच्या मागल्या बाजूला सापशिडी असते. तीही मुळात आपल्याकडची. मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या, साप दुर्गुणांचे आणि शेवटचे घर मोक्षाचे. परत येताना मोक्ष गळाला, नुसता शंभराचा आकडा उरला. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची गोष्टही तशीच. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकाची बारा, अशी एकशेवीस गोल पाने हाताने रंगवतात. हौशी लोक ती आवडीने घेतात आणि काचेच्या चौकटीत लावतात. डाव मांडणारे थोडेच.

मग आपण काय करावे? सारीपाटासाठी कापडी पट हवा, पण आपल्या गावात एक खेळ असा आहे की त्याला काहीच विकत घ्यावे लागत नाही. तो म्हणजे चंगाष्टा. कोठे त्याला अष्टाचंगा म्हणतात. आत्याकडून तो मी पूर्ण लिहून घेतला. जमिनीवर कोळशाने पाच गुणिले पाच अशी पंचवीस घरे आखा. मधल्या घरावर आणि चारही कडांच्या मधल्या घरांवर फुल्या काढा. कडेची फुली हे आपले घर. तिथे चार सोंगट्या ठेवा. बांगडीच्या काचा किंवा खडे चालतील. चार कवड्या नसतील तर दोन चिंचोके फोडून चार डाळी करा. जितक्या उताण्या पडतील तितकी घरे चालायचे. चारही उताण्या म्हणजे चंग, चार. चारही पालथ्या म्हणजे अष्टा, आठ. चंग किंवा अष्टा पडला तर पुन्हा टाकायचे. बाहेरची सोळा घरे घड्याळाच्या उलट फिरायची, मग आतली आठ घरे सुलट फिरून मधल्या घरात जायचे. आपल्या घरातून निघालेली सोंगटी बरोबर चोवीस पावलांत पोचते. दुसऱ्याची सोंगटी आपल्या घरात सापडली तर मारायची, फुलीवर मात्र मारायची नाही. एक तरी मारल्याखेरीज आत शिरता येत नाही.

गुरुजी, यात गणिताचा पाठही आहे. चिंचोक्याची डाळ दोन्ही अंगांवर सारखीच पडते असे धरले, तर चार डाळी पडण्याचे सोळा प्रकार होतात. त्यांत दोन पडण्याचे सहा, एक पडण्याचे चार, तीन पडण्याचे चार, आणि चंग व अष्टा यांचा एकेक. म्हणजे शंभर वेळा टाकले तर अष्टा साधारण सहा वेळा यावा. मुलांना शंभरदा टाकायला लावून आकडे मांडा. मग कवड्या घेऊन तेच करा. कवडीचे अंग दोन्हीकडे सारखे नसते, म्हणून आकडे वेगळे येतील. का आले, ते मुलेच सांगतील.

आणि एक काम करा. मुलांना वही द्या आणि घरच्या आजीला, आत्याला, मावशीला विचारून त्यांच्या माहेरचे नियम लिहून आणायला सांगा. पट कसा आखत, जोडी फुटत असे का, मारल्याशिवाय आत जाता येई का, आणि कोणत्या गावी. एका वर्गात आठदहा गावांचे नियम जमतील. शेजारच्या शाळेशी त्या वह्यांची अदलाबदल करा. यात कोणाचे काही जाणार नाही. फक्त एवढे करा, की पुढच्या खेपेला विचारू असे म्हणू नका. आजच संध्याकाळी विचारा.

आमच्या रविवारच्या बाजारात आता नवा नियम आहे. कोणी जुना पट आणला तर त्याने तो एक डाव खेळून दाखवायचा, मगच किमतीची गोष्ट. माझा सारीपाट अजून भिंतीवर लागलेला नाही. तो दर महिन्याला जमिनीवर पसरतो, आणि कोणी नवखा आला की मी त्याला विचारतो, तुमच्या आजीच्या गावी जोडी फुटत होती का?