टोकन देण्याआधी

सकाळी नऊ. कोर्टात मी क्वचितच जाते. पुण्यात जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचे कागद तपासणं, हेच माझं काम. दिवस सर्चने सुरू होतो. गेल्या तीस वर्षांत मिळकतीचे कोणते दस्त नोंदले गेले, ते इंडेक्स टूवरून बघायचं. आजच्या कोथरूडच्या फ्लॅटची साखळी सलग आहे, पण १९९६चा मूळ करारनामा हरवलाय. पोलिसांत तक्रार, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, एवढ्यावर हे सहसा निभावतं. माझी काळजी वेगळी असते: तो करारनामा कुणाकडे ठेवून कर्ज तर काढलेलं नाही ना? जाहीर नोटीस त्यासाठीच द्यायची.

अकरा. विकणारे गृहस्थ आणि घेणारं तरुण जोडपं एकत्रच आले. टोकन दिलं गेलंय. वडील मृत्युपत्र न करता वारले, आई आधीच गेलेली. सोसायटीत नॉमिनी म्हणून यांचं नाव होतं, त्यावरून शेअर सर्टिफिकेटवरही यांचं एकट्याचंच नाव चढलं.

"भावंडं किती?"

"दोन बहिणी. पण मॅडम, त्यांचं काही म्हणणं नाही."

"मग ते कागदावर येऊ द्या."

नॉमिनी म्हणजे मालक, हा समज मी रोज खोडते. नॉमिनी वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. २०१९च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्राचा सहकार कायदाही त्याला वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सभासदच मानतो. हिंदू वारसा कायद्याने इथे तिघांचा हिस्सा सारखा. एकट्या भावाकडून घेतलं, तर या जोडप्याला पूर्ण किमतीत एक तृतीयांश घर मिळेल. वाटा बहिणी पुढेही मागू शकतात, त्यांच्यामागे त्यांची मुलंही.

नाशिकच्या बहिणीला तिथूनच फोन लावला. "पैशाचं काही नाही हो," त्या म्हणाल्या, "पण विकायला काढलंय हे आम्हाला शेजारच्या काकूंकडून कळलं." भाऊ खाली बघत राहिले. कागदाआधी घरातलं बोलणं राहून जातं, आणि व्यवहार अडतो तो बहुतेक तिथेच. हक्कसोडपत्र नोंदवता येतं. पण मी सांगितलं, तिघंही विक्रेते म्हणून सह्या करा, म्हणजे कुणाला किती पैसे मिळाले तेही दस्तात येईल. आम्ही दोघी येऊ, असं त्या म्हणाल्या.

दीड. निबंधक कार्यालय. दुसऱ्या एका फ्लॅटच्या दस्ताची नोंदणी. फोटो, अंगठे, ओळख पटवणारे दोघं. काल या दस्तातल्या विक्रेत्यांनी "थोडी रक्कम रोख" असा विषय काढला होता; मी नाही म्हटलं. घराच्या व्यवहारात 20,000 किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर तेवढाच दंड घेणाऱ्याला बसू शकतो. देणाऱ्याचं नुकसान वेगळं: व्यवहार मोडला तर ते पैसे दिल्याचा पुरावाच नसतो.

चार. विक्रेत्याचं कर्ज अजून फिटायचंय, त्यामुळे घेणाऱ्या ताई धास्तावल्या आहेत. असं घर घेता येतं, क्रम मात्र चुकता कामा नये. विक्रेत्याच्या बँकेकडून थकबाकीचं पत्र आणि तिच्या ताब्यातल्या कागदांची यादी घ्यायची, थकबाकीएवढी रक्कम थेट त्या कर्जखात्यात भरायची, मग मूळ कागद आणि बोजा उतरवल्याचं पत्र. विक्रेत्याच्या हातात उरलेलेच पैसे द्यायचे.

सहा. न्यू जर्सीहून एका विक्रेत्याचा फोन. तिथे केलेलं कुलमुखत्यारपत्र तिथल्या नोटरीकडून किंवा भारतीय वकिलातीत साक्षांकित हवं, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांकित व्हायला हवं. घेणाऱ्यालाही बजावलं: 50 लाख किंवा त्यावरच्या घराचा 1 टक्का टीडीएस हा निवासी विक्रेत्यासाठी. अनिवासी असेल तर कपात बरीच जास्त असते, आणि ती राहिली तर आयकर खातं घेणाऱ्याला धरतं.

साडेसात. शेवटचे आजोबा सोसायटीने मागितलेल्या मोठ्या "ऐच्छिक देणगी"चं पत्र घेऊन आले. महापालिका हद्दीत हस्तांतर शुल्काची मर्यादा 25,000 आहे. तसं उत्तर लिहून दिलं, पोच घ्यायला सांगितली.

घर घेताय, तर टोकनआधी चार गोष्टींच्या प्रती मागा: आजवरचे सगळे करारनामे, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, आणि मालक वारसाने झाला असेल तर सगळ्या वारसांची नावं. टोकन लगेच द्यावंच लागलं, तर पावतीवर एवढं लिहून घ्या: कागदपत्रांत दोष निघाल्यास पूर्ण रक्कम परत.