दोन रात्रींचा पाहुणा

महिनेन् महिने आश्रमांत राहिलेल्या अनाथ कुत्र्यास शनिवार-रविवार घरीं आणावें व पुन्हां पिंजऱ्यांत नेऊन सोडावें, ही दया कीं निर्दयता? बालमित्रांनो, हा प्रश्न कोणाही सहृदय मनुष्यास पडेल.

अमेरिकेंतील पांच आश्रमांत २०७ कुत्र्यांवर याची परीक्षा झाली. तिचा वृत्तांत २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. प्राण्यास ताण पडला म्हणजे शरीरांत कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य वाढतें, व मूत्र तपासून तें मोजतां येतें. एकदोन रात्री घरीं राहिलेल्या कुत्र्यांत तें घटलें. आश्रमांत परतल्यावर तें पूर्ववत् झालें. परंतु पूर्वीपेक्षां वाढलें नाहीं. अर्थात् परत नेल्यानें हाल अधिक होतात, ही भीति या परीक्षेंत खरी ठरली नाहीं.

आश्रमांत भुंकण्याचा गोंगाट अखंड चालतो. घरीं मात्र निवांत झोंप मिळते. म्हणून अशा पाहुण्यास गर्दींत मिरवूं नये. शांत कोपरा, पाणी व दोरीस धरून थोडें फिरणें पुरे. तो कशास भितो, मुलांशीं कसा वागतो, हें आश्रमास अवश्य कळवावें. पिंजऱ्याबाहेर त्याचा स्वभाव कसा असतो, हें यजमानावांचून कोण सांगणार? कायमचें घर देऊं इच्छिणारास तेंच जाणावयाचें असतें.