जुन्या विंडोजकडे परतायचंय?
ऐन मिरचीच्या हंगामात धर्माबादच्या आडत दुकानात संगणकावर विंडोज 11 चढवलं आणि पावत्यांचा जुना प्रिंटर चालेनासा झाला, तर घाबरू नका. पण दिवस मोजा. मागे फिरायला एरवी 10च दिवस मिळतात. तोवर जुनी प्रणाली सी ड्राइव्हवरच्या ‘विंडोज डॉट ओल्ड’ या फोल्डरमध्ये जपलेली असते. जागा हवी म्हणून तो पुसलात, की ही वाट बंद. मग पेन ड्राइव्हवरून सगळं नव्यानं टाकणं आलं. मुदतीत परतायचं, तर सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरी, ‘गो बॅक’ असा रस्ता. फायली राहतात, नंतर टाकलेले प्रोग्रॅम जातात. तरीही हिशेबाची प्रत आधी बाहेर काढाच. विंडोज 10 ची नेहमीची सुरक्षा अपडेट्स 14 ऑक्टोबर 2025 रोजी थांबली आहेत; तेव्हा तिथला मुक्काम प्रिंटरचा नवा ड्रायव्हर मिळेपर्यंतच ठेवा.